खुडूक कोंबडीचं काम

एका दिवसाचं पिल्लू आजही साधारण वडापावच्या आसपासच्या पैशांत मिळतं. त्यामुळे पेटीतल्या वीसेक पिल्लांपैकी एखादं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलं, की घरात दोन मतं पडतात. एक मत म्हणतं, जगायचं असेल तर जगेल, एवढ्याशा जिवामागे किती वेळ घालवायचा? दुसरं मत लगबगीने दुकानातून कसलीशी अँटिबायोटिकची पुडी आणतं आणि पाण्यात कालवतं. वसई तालुक्यात आगाशी-अर्नाळ्याची वाडी असो, निर्मळ-गासचं अंगण असो, नालासोपाऱ्याच्या चाळीची गॅलरी असो की पूर्वेकडे पारोळ-भाताण्याचा पाडा, वाद साधारण असाच चालतो. दोन्ही मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटली तरी त्यांचं गृहीत एकच असतं, की दुबळेपणा पिल्लाच्या आत आहे. मला हे गृहीतच तपासावंसं वाटतं. घरच्या ब्रूडरमधल्या, म्हणजे उबेच्या पेटीतल्या, पिल्लांचा बराचसा दुबळेपणा त्यांनी अंड्यातून आणलेला नसतो. आईचं काम आपण अंगावर घेतलं आणि ते अर्धवट केलं, म्हणून तो येतो. तसं असेल तर आजारी पिल्लाची शुश्रूषा ही त्याच्यावर केलेली दया ठरत नाही. घेतलेलं काम पुरं करणं, एवढाच तिचा अर्थ उरतो.

हे काम आपल्याकडे आलं कसं, ते आधी पाहू. कोंबडीने अंडी घालायची, मग खुडूक बसायचं, 21 दिवस अंडी उबवायची आणि पुढे कित्येक आठवडे पिल्लं पंखाखाली वागवायची, हा मूळ क्रम. या सगळ्या काळात ती अंडी देत नाही. गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारण 60 ते 80 अंडीच देते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. पांढऱ्या लेगहॉर्नच्या वंशातल्या आजच्या कोंबड्या वर्षाला 300च्या वर अंडी देतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांच्यातला खुडूकपणा जवळजवळ काढून टाकला आहे. अशा कोंबड्यांचा व्यवसाय आपल्याकडे वाढवणाऱ्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या वेंकटेश्वरा हॅचरीजची सुरुवात 1971 सालची, अंडी उत्पादकांच्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीची 1982 सालची. या पन्नासेक वर्षांत अंडं सामान्य माणसाच्या ताटात आलं, याला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. परसातल्या कोंबडीपालनासाठी ज्या सुधारित जाती दिल्या जातात, म्हणजे बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज, त्या रंगाने गावठीसारख्या आणि अंगाने दणकट असल्या तरी खुडूक बसण्याच्या बाबतीत त्यांचाही भरवसा नाही. पुणे, कोल्हापूर, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी उबवणी केंद्रातून निघालेल्या पिल्लाने आई पाहिलेली नसते आणि त्याची आईसुद्धा कधी अंड्यांवर बसलेली नसते. स्वस्त अंड्याच्या हिशेबातून एक आई वजा झाली आहे. ती जागा दिव्याने भरून काढायची, असं आपण परस्पर ठरवून टाकलं.

ही आई वजा होऊनही पिल्लांचा व्यापार चालू शकला, त्याला निसर्गाचीच एक सोय कारणीभूत आहे. अंडं फुटायच्या सुमारास पिल्लू उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस निभावू शकतं. ही शिदोरी असण्यामागे कारण आहे. घरट्यातली सगळी अंडी एका वेळी फुटत नाहीत. आधी फुटलेल्यांनी मागच्यांसाठी थांबावं आणि आईला अर्ध्यातून उठावं लागू नये, म्हणून ही मुदत. माणसाने तिच्यावर वाहतूक उभी केली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लं भरायची आणि टेम्पोने, रेल्वेने शेकडो किलोमीटर पाठवायची. पण ती शिदोरी उबेत, निवांत बसून पुरवायची असते. महामार्गावरच्या उकाड्यात किंवा रात्रीच्या वाऱ्यात ती लवकर सरते. वसईत खोकं उघडल्यावर जे पिल्लू 'मुळातच मरतुकडं' वाटतं, ते पुष्कळदा फक्त तहानलेलं आणि गारठलेलं असतं. जुनेजाणते कोंबडीवाले पिल्लं आल्याबरोबर आधी कोमट गुळाचं पाणी, मग मक्याचा बारीक भरडा आणि मगच नेहमीचं खाद्य, असा क्रम सांगतात. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून सोडा, असंही सांगतात. त्यात अंधश्रद्धा काही नाही. पाणी कुठे आहे, दाणा कोणता, हे कोंबडी चोच मारून आणि कुकुक आवाज करून दाखवते. पेटीत दाखवणारं कुणी नसतं. ते दाखवणं हा शुश्रूषेचा पहिला भाग आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

दुसरा भाग उबेचा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान ठेवावं आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवत न्यावं, हा पुस्तकातला नियम बरोबर आहे, कारण पहिले दोन आठवडे तरी पिल्लाला अंगातली उष्णता स्वतःहून टिकवता येत नाही. मात्र पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आकडा पाठ करून भागत नाही. मे महिन्यात दुपारची हवाच जवळपास त्या आकड्याला भिडते. तेव्हा बंद खोक्यात बल्ब चालू ठेवला तर पिल्लं चोची वासून धापा टाकतात. पावसाळ्यात समुद्राकडून येणारा ओला वारा खालून शिरतो. डिसेंबर-जानेवारीत तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यावर रात्री जेवढा गारठा पडतो, तेवढा बंदराजवळच्या वस्तीत पडत नाही. कोंबडीला थर्मामीटर लागत नाही, याचं कारण तिच्यापाशी पिल्लाला निवड असते. गार वाटलं की ते पंखाखाली शिरतं, उकडलं की बाहेर येतं. घरच्या पेटीतली सगळ्यात मोठी चूक ही निवड काढून घेण्याची. छोट्या खोक्यात मधोमध बल्ब टांगला की पिल्लाला जायला जागाच उरत नाही. दिवा एका टोकाला, पाणी-दाणा मधे आणि दुसरं टोक गार, अशी लांबट पेटी असली तर पिल्लं आपलं तापमान आपणच ठरवतात आणि पाहणाऱ्याला सांगतातही. दिव्याखाली ढीग करून चिरका आवाज काढत असली तर गारठली आहेत. भिंतीला चिकटून लांब पळाली असली तर उकडतंय. एकाच बाजूला दाटली असली तर दुसरीकडून वारा येतोय. सगळीकडे पांगून, हळू आवाजात किलबिलत असली तर ठीक चाललंय.

दिव्याच्या बाबतीत अलीकडे नवीच अडचण उभी राहिली आहे. तारेचे जुने बल्ब घरांतून गेले आणि त्यांच्या जागी एलईडी आले. ते विजेची बचत करतात, कारण उष्णतेत वीज फारशी दवडत नाहीत, आणि इथे आपल्याला नेमकी ती उष्णताच हवी असते. एलईडीच्या लख्ख उजेडात गारठून मेलेली पिल्लं 'वाहतुकीत दुबळी झालेली' म्हणून खपतात. त्यात विजेचा भरवसा नाही. 2018 च्या जुलैत पावसाने वसई-विरार बुडालं, नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि वीज दीर्घकाळ बंद राहिली. पेटीला विजेची गरज असते ती नेमकी अशाच ओल्या रात्री. फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या, पेटीवर हवा खेळेल अशी घातलेली गोणपाटं आणि पिल्लांनी एकमेकांवर चढून गुदमरू नये म्हणून मधूनमधून मारलेली नजर, एवढ्यावर रात्र निभते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं मात्र पिल्लांच्या आणि माणसांच्याही जिवावर बेतू शकतं.

एवढं सगळं सांभाळूनही एखादं पिल्लू मागे पडतंच, आणि मग जवळून पाहावं लागतं. सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटणं. थंडी, उकाडा किंवा पाण्याची कमतरता यांतून विष्ठा चिकट होते, वाळते आणि वाट बंद करते. बाहेर काही पडत नाही म्हणून पिल्लू खात नाही, आणि एक-दोन दिवसांत जातं. उपाय साधा, पण घाईचा नाही. पिल्लू मुठीत धरून कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्या जागी नुसता दाबून ठेवायचा. खपली विरघळून आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. ओढली तर पिसांसकट कातडी निघते आणि जखम वास मारू लागली की बाकीची पिल्लं तिथेच टोचतात. सुटल्यावर पुसून पूर्ण कोरडं करायचं, खोबरेल तेलाचं बोट लावायचं आणि उबेत ठेवायचं. नवख्या माणसाची इथे हमखास एक गफलत होते. पोटावर, शेपटीच्या वाटेपासून जरा पुढे बेंबीची वाळलेली काळसर खपली असते. तीही मळ समजून खेचली जाते आणि जिथून बलक आत गेला, तीच वाट जंतूंना मोकळी होते. पाय फाकलेल्या पिल्लाचंही तसंच आहे. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरत राहिले तर ते बाहेरच्या बाजूला पसरतात आणि तसेच घट्ट होतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन्ही पायांमध्ये मऊ चिकटपट्टीचा सैलसर दुवा बांधून खाली खरखरीत कापड घातलं, तर पुष्कळ पिल्लं सरळ उभी राहतात. दुबळ्या पिल्लाला पाणी पाजायचं तर थेंब चोचीच्या कडेला लावायचा. घशात ओतला तर तो श्वासनळीत उतरतो. यात वैद्यकीय असं फारसं काही नाही. ऊब, पाणी, कोरडेपणा आणि नजर, एवढीच या कामाची सामग्री आहे.

पेटीत खाली अंथरलेलं तूस ओलं राहिलं की काय होतं, हे पाहिलं म्हणजे औषधाचा प्रश्नही नीट समजतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना होणारी रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, आयमेरिया नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होते. विष्ठेतून पडलेली त्याची बीजं उबदार ओलाव्यात एक-दोन दिवसांत रोगकारक बनतात. वसईचा पावसाळा आणि सांडणारं पाण्याचं भांडं यांच्यासारखी त्यांची सोय दुसरी नाही. यावर अँप्रोलियम चालतं, वेळेवर दिलं तर चांगलं चालतं. पण ते रोगजंतूंचा थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, मिळवण्याचा मार्ग अडवून काम करतं. त्यामुळे ताकद यावी म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक घालणारा माणूस औषधाचा निम्मा गुण स्वतःच घालवतो. अंदाजाने आणलेलं अँटिबायोटिक तर बहुधा या रोगाच्या मुळाशी पोचतही नाही. अंदाजपंचे औषधाचे धोके पेटीपुरतेही राहत नाहीत. माणसाच्या गंभीर संसर्गात अखेरचं अस्त्र म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास वापरलं जात होतं, म्हणून जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारला अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घालावी लागली. पशुवैद्याला न विचारता पाण्यात कालवलेली पुडी शुश्रूषेसारखी दिसते. प्रत्यक्षात ती तूस बदलण्याचा कंटाळा झाकत असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप निसर्गाचा. कोंबडी स्वतः दुबळ्याला सोडून देते, उशिरा फुटणारी अंडी टाकून चालू लागते, मग आपणच का अडून बसावं? कोंबडी तसं करते हे खरं आहे. पण ती सोडते ते तिने पूर्ण ऊब, पाणी आणि राखण दिल्यानंतरही मागे राहिलेल्याला. पेटीतलं पिल्लू चुकीच्या बल्बमुळे, ओल्या तुसामुळे किंवा निसरड्या कागदामुळे मागे पडलेलं असेल, तर त्यात निसर्गाने काही निवाडा दिलेला नाही. आपली चूक निसर्गाच्या खाती मांडायची सोय या आक्षेपात आहे, म्हणून तो लोकप्रिय आहे. आधी पेटी दुरुस्त करावी. त्यानंतरही जे पिल्लू टिकत नाही, त्याच्यापुरता हा आक्षेप मी मान्य करतो.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. एवढ्या स्वस्त पिल्लामागे माणसाचे तास घालवणं परवडत नाही, हे पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये अगदी खरं आहे, आणि तिथला शेतकरी क्रूर असतो म्हणून तसं वागत नाही. त्याला एकेका पिल्लाकडे पाहताच येत नाही. घरच्या पेटीत हिशेब वेगळा पडतो. वीस पिल्लांतलं एक म्हणजे विसातला एक हिस्सा, आणि पाड्यावरच्या बाईसाठी वाढलेली कोंबडी म्हणजे अडीअडचणीला हाताशी येणारी रक्कम. त्याहून मोठी गोष्ट अशी, की सगळ्यात दुबळं पिल्लू पेटीतला दोष सगळ्यात आधी दाखवतं. गारठा त्याला आधी बाधतो, तहान आधी लागते, हगवण आधी लागते. त्याच्याकडे पाहून दिवा खाली घेतला किंवा तूस बदललं, तर फायदा उरलेल्या 19 पिल्लांना होतो. म्हणजे खर्च केलेला वेळ एका पिल्लाच्या नावावर मांडणं हिशेबाच्या दृष्टीनेही चूक आहे.

तिसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. शेवटी हे पिल्लू मोठं होऊन नाताळच्या ताटात किंवा देवापुढे मानाचं कोंबडं म्हणूनच जाणार ना? मग कापूस आणि कोमट पाणी हे ढोंग नाही का? वसईत मांसाहाराची लाज बाळगण्याची रीत नाही, त्यामुळे उत्तरही सरळ द्यावं. खाण्यासाठी मारणं आणि निष्काळजीपणाने तडफडू देणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद हळव्या मनाने शोधून काढलेला नाही. 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा अन्नासाठी मारण्याला सूट देतो, पण ती सूट अनावश्यक यातना न देण्याच्या अटीवर. त्याच कायद्याचं तिसरं कलम प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावर त्याच्या स्वास्थ्याची वाजवी काळजी घेण्याचं कर्तव्य टाकतं. पुढे खायचं आहे म्हणून आधीचे दिवस यातनेचे असले तरी चालतील, असं कुठल्याही कोंबडीपाळ समाजाने मानल्याचं मला माहीत नाही.

चौथा आक्षेप रोगाचा, आणि हा मला सगळ्यात वजनदार वाटतो. आजारी पिल्लू घरात सांभाळणं म्हणजे रोग पोसणं नव्हे का? बर्ड फ्लूची भारतातली पहिली नोंद फेब्रुवारी 2006 ची, आपल्याच राज्यातल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची. फेब्रुवारी 2022 मध्ये तो आधी शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आणि पाठोपाठ वसई-विरार भागात सापडला. तेव्हा शुश्रूषेला सीमा हवी, हे उघड आहे. दुबळं पिल्लू वेगळ्या पेटीत ठेवावं. आधी निरोगी पिल्लांचं काम उरकून मग आजाऱ्याकडे जावं. हात साबणाने धुवावेत, पेटी स्वयंपाकघरात ठेवू नये आणि मुलांना पिल्लू तोंडाजवळ नेऊ देऊ नये, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लातही साल्मोनेला असू शकतो. मानमोडीची लस पहिल्याच आठवड्यात द्यावी. एका वेळी अनेक पक्षी अचानक मरू लागले तर घरगुती उपचार बंद करून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. अनुसूचित रोगाचा संशय आल्यास तसं कळवणं प्राण्यांतल्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्याने मालकावर बंधनकारकच आहे. या सीमेमुळे शुश्रूषेचा मुद्दा बाद होत नाही. वेगळं ठेवणं, स्वच्छता, लस आणि वेळेवर खबर हीसुद्धा त्याच कामाची अंगं आहेत. थांबणं हेही त्यातलंच एक. ऊब आणि पाणी देऊन दोन दिवसांत जे चोचही उचलत नाही, मान वळवून तडफडतं, त्याला ओढून-ताणून जगवत ठेवण्यात आपल्या मनाचं समाधान असतं, त्याचं भलं नसतं. अशा वेळी पशुवैद्याला विचारून त्याची झटपट सुटका करावी. जिवंत पिल्लू कचऱ्याच्या डब्यात टाकणं मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही.

जत्रेत आणि शाळांबाहेर गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून विकली जाणारी पिल्लं या सगळ्या विचाराची कसोटी आहेत. अंड्यांसाठीच्या जातीतले नर व्यापाराच्या दृष्टीने निरुपयोगी. जर्मनीने 2022 च्या सुरुवातीपासून ते जन्मताच मारण्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्यांतले काही रंगवून मुलांच्या हाती येतात, बहुधा संध्याकाळपर्यंत जगण्यासाठी. मुलाला जिवाची ओळख व्हावी म्हणून ते घेतलं जातं आणि मुलाला ओळख होते ती मरणाची. माझं म्हणणं ज्यांना पटलं असेल त्यांनी असं पिल्लू विकत घेऊ नये, आणि ज्यांना खरोखर पाळायची आहेत त्यांनी पिल्लं आणण्याच्या आदल्या दिवशी रिकामी पेटी चालवून पाहावी. दिवा उष्णता देतो का, गार कोपरा आहे का, तूस कोरडं राहतं का, पाण्याच्या उथळ ताटलीत बुडू नये म्हणून खडे टाकलेत का, आणि रात्री दोन वाजता वीज गेली तर कोण उठणार, एवढे पाच प्रश्न आहेत. पाचव्याचं उत्तर घरात मिळत नसेल, तर पिल्लं आणू नका. ओळखीत कुणाकडे गावठी कोंबडी खुडूक बसली असेल, तर तिच्याखाली अंडी ठेवा. हे काम ती आपल्यापेक्षा चांगलं करते.